सरांच्या बरणीतले पाणगवत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा फोन आला तेव्हा मी नेहमीचे उत्तर दिले, "अरे, मला कुठे लिहिता येतं!" पलीकडून ताबडतोब जबाब आला, "तुझ्या त्या पेटीतल्या गवताबद्दल लिही. दर भेटीत आमचं डोकं खातोस, एकदा कागदावर उतरव म्हणजे आम्ही सुटलो." तेव्हा हा लेख मित्रांच्या सुटकेसाठी आहे. त्यात थोडा इतिहास आहे, थोडी आपली शाळा आहे आणि शेवटी एक कबुली आहे. ती सरांसाठी आहे. सर वयाची ऐंशी ओलांडून अजून रोज पेपर वाचतात, त्यामुळे ते हे वाचणार हे गृहीत धरूनच लिहितो.

आपली १९८३ ची दहावीची तुकडी. नववीत असताना प्रकाशसंश्लेषणाचा धडा आला. प्रयोगशाळा म्हणजे एका वर्गाचा अर्धा भाग आणि कुलूप असलेले लाकडी कपाट, हे सगळ्यांना आठवत असेल. त्या कपाटात एक मोठे चंचुपात्र, एक काचेचे नरसाळे आणि तीन परीक्षानळ्या होत्या. चौथी आमच्याच आधीच्या तुकडीने फोडली होती. प्रयोगाला लागणारी हायड्रिला मात्र कपाटात मिळत नाही. सरांनी मला आणि माझ्या बाकमित्राला मधल्या सुट्टीत पाठवले, "गांधारीच्या कोंडात हिरवी, पाण्याखालची वनस्पती असते, ती मुळासकट न उपटता वरचे शेंडे तोडून आणा."

आम्ही गेलो, गुडघाभर पाण्यात उतरलो आणि जे हाताला लागले ते मुळासकट उपटून आणले. ते हायड्रिला नव्हतेच. हिरव्या फितीसारखी लांब, पातळ पाने आणि खाली दोऱ्यासारख्या देठाने एकमेकांना जोडलेली चार रोपे. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते बशीत पसरले, भिंगाने पाहिले आणि म्हणाले, "हे व्हॅलिस्नेरिया. चुकून का होईना, चांगलं आणलंत." मग त्यांनी घरून लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली, तळाला नदीची धुतलेली वाळू घातली आणि त्यात ती चार रोपे लावली. बरणी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. आमच्या भाषेत ते 'सरांचं पाणगवत' झाले.

हायड्रिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दोघांनी आणली. प्रयोग शाळेच्या पायरीवर उन्हात मांडला. नरसाळ्याखाली हायड्रिलाचे शेंडे, वर पाण्याने भरून उलटी घातलेली परीक्षानळी. तोडलेल्या देठातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे निघू लागले. मध्येच ढग आला, बुडबुडे मंदावले. ऊन परतले, बुडबुडे परतले. सरांनी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला आणि वेग वाढला. तासाभराने नळीत बोटभर वायू जमला. त्यात विझत आलेली उदबत्ती धरली तशी ती भपकन पेटली. त्या दिवशी कितीजणांना धडा समजला कोण जाणे, पण ढगाबरोबर थांबणारे बुडबुडे मी आजतागायत विसरलेलो नाही.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईत राहिलो, वाचनालयांची सवय लागली, तेव्हा कळले की ही गोष्ट फार जुनी आहे. १७७१ मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. पण हे कधी जमे, कधी जमत नसे. १७७९ मध्ये यान इंगेनहाऊस या मूळच्या डच वैद्याने उत्तर शोधले. पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांतून बुडबुडे निघतात ते उन्हात. अंधारात निघत नाहीत. आमच्या पायरीवरच्या ढगाने तेच सांगितले होते, दोनशे वर्षांनी आणि फुकट.

पाण्यातली वनस्पती घरात आली ती मात्र त्यानंतर सत्तर वर्षांनी. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलनच्या, म्हणजे पन्नासेक लिटरच्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि सोबत एकच जातीची वनस्पती लावली. कोणती? व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस. आमच्या बरणीतल्या पाणगवताची सख्खी बहीण म्हणा. सुरुवातीला झाडाची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टननी तळ्यातल्या काही गोगलगायी आणून टाकल्या. त्यांनी कुजके खाल्ले, पाणी निवळले. मासे, झाड आणि गोगलगाय अशा तिघांचा संसार पाणी न बदलता चालला. हे त्यांनी १८५० मध्ये रसायनशास्त्राच्या संस्थेपुढे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर पोचवला. इंग्लंडातला काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. मोठ्या शोधांमागे बऱ्याचदा असा एखादा रद्द झालेला कर असतो. हे मी इतकी वर्षे आकडेमोडीची नोकरी केल्यामुळे म्हणतो आहे असे समजू नये.

त्याच लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांना १८२९ मध्ये बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला होता. त्यातून त्यांनी झाडे बोटीने नेण्याच्या काचपेट्या केल्या. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली. आपल्या सकाळच्या चहाचा आणि माझ्या पेटीचा आजोबा एकच, हे मी घरी अनेकदा सांगितले आहे. घरचे चहा पिऊन उठून जातात.

आता गावाकडे येतो. नात्यात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांबद्दल आपण शाळेत दर वर्षी भाषणे ऐकली. १४ जानेवारी १८९६ चा जन्म, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. वक्तृत्व स्पर्धेत हे सगळे मीही ओरडून सांगितले आहे. नोटेवरची सही आणि नात्याचे नाव, एवढ्यावर आपला अभिमान पूर्ण होत असे. एक गोष्ट मात्र त्या भाषणांत कधी आली नाही. ती सरांनी एकदा बरणीतली वाळू धूत असताना सहज सांगितली, "अरे, चिंतामणराव मुळात वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी."

खरेच होते. १९१२ ची मॅट्रिक ते मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली म्हणून सगळे त्यांना संस्कृतचे पंडित समजतात, आणि ते होतेच. मेघदूताचे त्यांनी मराठीत पद्यरूपांतर केले. पण १९१५ मध्ये ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले ते निसर्गविज्ञान शिकायला. वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९१७ मध्ये ते पदवीधर झाले तेव्हा वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. पुढच्या वर्षी आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले आले आणि वनस्पतिशास्त्राच्या हातून हा माणूस कायमचा निसटला. बागकामाची हौस तेवढी जन्मभर राहिली.

तेव्हाच्या केंब्रिजमध्ये काय चालले होते ते पुढे वाचले आणि मला आमची पायरी आठवली. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात एफ. एफ. ब्लॅकमन होते. उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता यांतले जे सर्वात कमी पडते तेच झाडाचा वेग ठरवते, हा त्यांचा १९०५ चा सिद्धांत. १९११ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर पाण्याखालच्या वनस्पतींवरच याची तपासणी प्रसिद्ध केली होती. सरांचा चिमूटभर सोडा तो हाच. ऊन भरपूर होते, कार्बन डायऑक्साइड कमी पडत होता. त्याच गावात त्याच वर्षांत ॲग्नेस आर्बर या विदुषी पाणवनस्पतींचा अभ्यास करीत होत्या. त्यांचा पाणवनस्पतींवरचा ग्रंथ १९२० मध्ये निघाला आणि आजही तो जुना म्हणून बाजूला टाकता येत नाही. नात्याचा मुलगा आणि या दोघांपैकी कुणी कधी शेजारी बसून बोलले असे माझे म्हणणे नाही. पण पाण्याखालचे झाड श्वास कसा घेते हा प्रश्न ज्या गावच्या हवेत होता, तिथे आपल्या गावचा मुलगा वनस्पतिशास्त्राचे बक्षीस घेत होता, एवढे नक्की.

आणि १९१७ याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी आपले विज्ञान मंदिर उघडले. बसूंनी प्रकाशसंश्लेषणावरचे प्रयोग कशावर केले? हायड्रिलावर. बाहेरून काही मागवायला नको, बंगालच्या कुठल्याही पुकुरात मिळणारी. प्रत्येक बुडबुड्याची नोंद आपोआप होईल असे यंत्र त्यांनी बनवले. १९२४ च्या त्यांच्या ग्रंथात उन्हाळ्यातली हायड्रिला आणि हिवाळ्यातली हायड्रिला सारखी वागत नाही, अशी नोंद आहे. ती इतकी पुढची होती की तिचा अर्थ लागायला जगाला आणखी पन्नासेक वर्षे लागली. कोंडातल्या ज्या हिरव्या गुंत्याला आपण 'पाय अडकतो' म्हणून शिव्या घालतो, त्याचा हा दरारा आहे.

मला स्वतःला मात्र हायड्रिलापेक्षा बरणीतले पाणगवतच भावले. दोन वर्षांत त्याने बरणी भरली. दहावीचा निरोप समारंभ झाला त्या दिवशी सरांनी मला थांबवून घेतले. दाढीच्या ब्लेडने त्यांनी मुख्य रोप आणि पिल्लू यांच्यामधला तो दोऱ्यासारखा धावता देठ कापला आणि एक रोप माझ्या हातात ठेवले. त्यांनी त्या दिवशी सांगितलेले मी जवळजवळ जसेच्या तसे लिहितो, कारण पुढे हजारो रुपयांच्या पुस्तकांत याहून जास्त मिळाले नाही. "पिल्लाला स्वतःची तीन-चार पानं आणि पांढरी मुळं आल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही. लावताना मुळं वाळूत, पण पानं जिथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर. गड्डा पुरलास की कुजलंच म्हणून समज. आणि पहिले पंधरा दिवस रोज उपटून बघायचं नाही."

शेवटचे वाक्य माझ्यासाठी खास होते. मी मुगाचे दाणे रोज उकरून बघणारा मुलगा होतो.

मुंबईत डोंबिवलीच्या खोलीत ती बरणी माझ्याबरोबर आली. रविवारी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचा नाद लागला. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेले ते मत्स्यालय. लोक मासे बघत, मी माशांच्या मागचा हिरवा कोपरा बघत उभा राही. मागचे लोक म्हणत, "अहो, सरका पुढे!" तिथून क्रॉफर्ड मार्केटातली माशांची दुकाने फार लांब नाहीत. पहिल्या पगारातून दीड फुटाची काचपेटी घेतली आणि दुकानदाराकडून एक 'फॉरिनचं' झाड. त्याचे नाव क्रिप्टोकोरिन. पैसे मोजताना हात थरथरला होता.

घरी लावले आणि चौथ्या दिवशी त्याची पाने वितळू लागली. वितळू लागली हाच शब्द, कारण ती कोमेजत नाहीत, उकडलेल्या पालकासारखी होतात. आठवड्यात नुसती मुळे उरली. मी ते उपटून फेकून दिले. हीच माझी चूक. क्रिप्टोकोरिनला जागा बदलली, पाणी बदलले की ती जुनी पाने टाकून देते आणि वाळूखालच्या खोडातून नव्या पाण्याला सोसतील अशी पाने काढते. तीन-चार आठवडे हात न लावता बसले तर झाड परत येते. हे मला दोन वर्षांनी कळले, तेव्हा फेकलेल्या झाडाचे पैसे पुन्हा एकदा दुखले. सरांचे शेवटचे वाक्य मी नीट ऐकले असते तर ते वाचले असते.

पण खरा धक्का पुढे बसला. हीच क्रिप्टोकोरिन आपल्याकडची आहे. तिची एक जात, रेट्रोस्पायरॅलिस, सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या खडकाळ पात्रांत वाढते. पावसाळ्यात पाण्याखाली असते, पाणी ओसरले की फुलते. दुसरी एक, कॉग्नाटा नावाची, जगात फक्त कोकणातच आहे. गुलाब-जास्वंद ओळखणारे आपण, आपल्याच पऱ्यातले झाड दुकानात परदेशी म्हणून विकत घेतो. ब्राह्मीचे तेही तसेच. आजी जी ब्राह्मी तेलात उकळायची, त्यातली ओल्या काठावर पसरणारी नीरब्राह्मी परदेशातल्या पेट्यांत पाण्याखाली ओळीने लावतात. तिची वरची बोटभर-दीडबोट कांडी पेराच्या खाली कापायची, खालची दोन पेरे पानांवेगळी करायची आणि वाळूत खोचायची. उरलेल्या बुडख्याला दोन फुटवे येतात. म्हणजे एकाची तीन. व्याजाचा असा दर कुठल्याच बँकेत नाही.

सगळीच झाडे मात्र अशी वाटून घेता येत नाहीत. आपल्या घाटमाथ्यावर कासच्या सड्यांवर वायतुरा नावाची पाणवनस्पती आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. तुऱ्याला इंग्रजी वाय अक्षरासारख्या दोन फांद्या, म्हणून वायतुरा. १९८२ मध्ये ती स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली, म्हणजे आम्ही पायरीवर बुडबुडे मोजत होतो साधारण त्याच सुमाराला. ती जमिनीतल्या गड्ड्यात उन्हाळा झोपून काढते आणि पावसाबरोबर जागी होते. गड्डा कापून दोन झाडे होत नाहीत आणि बाराही महिने पाण्यात ठेवली तर तिची झोपच होत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला "एक गड्डा आणून देतो" असे सांगितले होते. मी नको म्हटले. ते आजपर्यंत मला भित्रा समजतात. पण सड्यावरच्या चार बोटे मातीत, जगात इतरत्र नसलेल्या झाडाचा गड्डा माझ्या पेटीत कुजवण्याइतका मी शूर नाही.

याच्या उलट गोष्ट हायड्रिलाची. १९५० च्या सुरुवातीला श्रीलंकेतून ती अमेरिकेत पाळीव झाड म्हणून गेली. फ्लोरिडात एका व्यापाऱ्याने नको झालेल्या जुड्या कालव्यात टाकल्या. दहा वर्षांत ती नद्यांत दिसू लागली आणि पुढे साऱ्या दक्षिण अमेरिकी संस्थानांत पसरली. बोटी अडकू लागल्या, कालवे तुंबले, आणि ती काढण्यावर आजही दरवर्षी लाखो डॉलर जातात. यातली थक्क करणारी बाब अशी, की तिथे पसरलेली ही हायड्रिला फक्त मादी आहे. बी नाही, काही नाही. एक पेर तुटले की एक झाड, तेवढ्यावर एवढा मुलूख. आम्ही ज्याला 'कटिंग' म्हणतो त्याची ही ताकद आहे. आपल्याकडेही उलटे घडले आहे. अमेरिकेतली जलपर्णी शोभेसाठी बंगालात आली आणि आज महाराष्ट्रातली कुठली नदी तिच्यावाचून आहे? केरळात पेरांब्राजवळच्या कालव्यात २०२० मध्ये कॅबोम्बाची गुलाबी फुले पाहायला लोकांची झुंबड उडाली होती. फोटो सगळ्यांना व्हॉट्सॲपवर आले असतील. ते पेटीतून सुटलेले झाड होते. फुले सुंदर, खाली पाणी गुदमरलेले.

असो. आता कबुली.

निवृत्तीआधी दोन वर्षे मी महाडला परतलो. सरांचे पाणगवत डोंबिवलीहून माझ्याबरोबर आले होते. मधल्या काळात त्याची किती पिल्ले वाटली याची गणती नाही. ते कधीमधी फुलायचेही. मादीचे फूल स्प्रिंगसारख्या वळलेल्या लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येते. नराची फुले मुळाशीच सुटतात आणि तरंगत तिच्यापाशी जातात. माझ्या पेटीत मादीच होती, तेव्हा बी कधी धरले नाही. सगळी पिल्ले म्हणजे त्याच एका रोपाची, कोंडातून चुकून उपटलेल्या.

२२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल मी वेगळे सांगायला नको. सावित्री आणि गांधारी दोन्ही शहरात शिरल्या. माझी पेटी तळमजल्यावर होती. आम्ही वर होतो, सुखरूप होतो. पाणी उतरल्यावर खाली आलो तेव्हा पेटीच्या जागी चिखलाचा ठोकळा होता. टूथब्रशने चार दिवस तो चिखल खरवडला. एक मूळ मिळाले, ते काळे होते. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून जे झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांची दुकाने, कागदपत्रे, आयुष्यभराचे संसार गेले, त्यापुढे गवत गेले म्हणून रडायची लाज वाटली. म्हणून कुणाला सांगितले नाही. सरांचा फोन आला, "सगळं ठीक ना? गवत कसं आहे?" मी म्हटले, "आहे सर." सरांशी मी आयुष्यात एकदाच खोटे बोललो, ते हे.

दिवाळीनंतर आपल्याच तुकडीतली, पोलादपूरला दिलेली एक मैत्रीण भेटली. म्हणाली, "अरे, तुझं ते गवत हौदात नुसतं माजलंय. ह्यांना पाणी काढता येईना. येऊन उपटून ने बाबा एकदाचं." मला काही आठवेना. मग तिनेच आठवण दिली. १९९९ मध्ये तिच्या मुलाच्या शाळेतल्या विज्ञान प्रकल्पासाठी मी दोन पिल्ले ओल्या रुमालात गुंडाळून दिली होती. प्रकल्पाला बक्षीस मिळाले नाही, गवत मात्र परसातल्या हौदात टाकले गेले. त्यात आरोग्य खात्याने डासांसाठी सोडलेले गप्पी मासे. बावीस वर्षे त्या हौदाला कुणी खत दिले नाही, दिवा लावला नाही, पुस्तक वाचले नाही. मी हौदावर वाकून पाहिले तर दीड हात लांब फिती, आणि एका स्प्रिंगसारख्या देठावर पांढरे मादीचे फूल. मी काही वेळ बोललो नाही. ती म्हणाली, "काय रे, बरं वाटत नाही का? चहा टाकते."

तेव्हा सर, गवत आहे हे आता खरे आहे. मध्ये साडेतीन महिने ते खोटे होते.

माझ्या आजच्या पेटीत हौदातली सहा रोपे लावली, त्यांची आता चाळीसच्या वर झाली आहेत. स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेच्या खिडकीजवळच्या टेबलावर मी ती घेऊन बसणार आहे. ज्याला हवे त्याला एक. सरांसाठी लोणच्याची बरणी वेगळी भरून ठेवली आहे. वाळू गांधारीचीच आहे, सात पाण्यांनी धुतलेली.

नेणाऱ्यांसाठी दोन-चार सूचना. येताना झाकणाची बाटली आणा, प्लॅस्टिकची पिशवी चालेल, पण अर्धी हवा ठेवून गाठ मारा. रोप प्रवासात एक-दोन दिवस सहज टिकते, फक्त बंद गाडीत उन्हात ठेवू नका. घरी नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मगच वापरा. थेट दुपारचे ऊन नको, सकाळचे दोन-तीन तास पुरतात. पहिल्या पंधरवड्यात काही पाने पिवळी पडतील, ती कापा, रोप उपटू नका. धावता देठ निघाला की शेजाऱ्याला सांगा. जास्त झाले तर वाळवून कुंडीत खत म्हणून घाला. विहिरीत, तळ्यात, नदीत टाकू नका, ते कोंडातून आले असले तरी. तुमच्या बरणीत मधल्या काळात आणखी कोणकोण येऊन राहिले असेल ते तुम्हालाही ठाऊक नसेल. आणि कुणाचे मेले तर लाजू नका, मला फोन करा. माझे मेले, तर मी तुम्हाला करीन.